प्रतिसाद: हिरा तो हिराच, मग कर वेगळा का?
'दागिन्यातला हिरा काय किंवा हत्यारांत वापरायचा औद्योगिक हिरा काय, रसायनशास्त्रात दोन्ही कार्बनच, मग कराच्या यादीत औद्योगिक हिऱ्याला वेगळी नोंद कशाला?' हा वरचा मुद्दा मला पटत नाही. करकायद्यात शास्त्रापेक्षा बाजारातल्या बोलीला जास्त वजन असतं, आणि त्याचा दाखला आपल्या अकोल्यातलाच आहे. तिथल्या पानाच्या व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं की विड्याचं पान ही वनस्पती, म्हणजे भाजीच; आणि भाजीला तर विक्रीकर माफ. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६१ मध्ये निकाल लागला: भाजी म्हणजे परसात पिकणारी, जेवणात लागणारी ती. पान त्यात बसत नाही. शिवाय तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विक्रीकर कायद्यात, माफीच्या यादीत, आधी 'भाजी' आणि 'विड्याची पानं' अशा दोन वेगळ्या नोंदी होत्या. पानांची नोंद १९४८ साली वगळली, तेव्हाच त्यांची माफी संपली होती. मला हा युक्तिवाद सगळ्यात पक्का वाटतो.

हिऱ्याचंही तसंच. ड्रिलचं पातं बनवणारा सराफाकडे खडे घ्यायला जात नाही. म्हणून सीमाशुल्काच्या वर्गवारीत ७१०२ या हिऱ्यांच्या एकाच शीर्षाखाली औद्योगिक आणि बिगर-औद्योगिक हिऱ्यांचे उपगट वेगळे आहेत, आणि हिऱ्याची भुकटी तर थेट ७१०५ या वेगळ्या शीर्षात जाते.