अलाबामाचे वाटेकरी आणि कम्युनिस्ट पक्ष : लढा नक्की कोणाचा?

रानवाट :
काळ्यांच्या मुक्तिलढ्यात समाजवाद बाहेरून घुसवला गेला, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते साफ नामंजूर आहे. १९३१ साली अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामाच्या टॅलापूसा काउंटीत, काळ्या वाटेकऱ्यांनी (जमीनदाराची जमीन पिकाच्या वाट्यावर कसणाऱ्यांनी) कम्युनिस्टांच्या मदतीने युनियन उभी केली. मागण्या अशा : धान्याची उचल बंद करू नये, आपला कापूस आपल्याला विकू द्यावा, मजुरी रोखीत मिळावी, काळ्या मुलांची शाळा वर्षाला ९ महिने भरावी. यातली वर्गाची मागणी कोणती आणि वंशाची कोणती, वेगळी काढून दाखवा. उचल जमीनदाराकडून, वही त्याच्या ताब्यात, कापूस तोच विकणार, वर्षअखेरीचा हिशेबही तोच मांडणार. त्या हिशेबाला आव्हान द्यायचं तर जूरीत सगळे गोरे.

दत्ता_क :
मागण्या वाटेकऱ्यांच्या होत्या, पक्षाची दिशा मात्र मॉस्कोत ठरत होती. १९२८च्या कॉमिन्टर्न (मॉस्कोतली आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटना) अधिवेशनाने दक्षिणेतल्या ‘ब्लॅक बेल्ट’साठी, म्हणजे काळ्यांची बहुसंख्या असलेल्या पट्ट्यासाठी, स्वयंनिर्णयाची घोषणा दिली. १९३५ नंतर उदारमतवाद्यांशी आघाडी करायची ठरली आणि तीच घोषणा मागे पडली. १९३६ मध्ये हजारो सभासदांची ही युनियनही विसर्जित झाली. त्याच काउंटीतल्या कॅम्प हिलला १९३१ मध्ये युनियनचे पुढारी राल्फ ग्रे मारले गेले, ते यासाठी? आणि जुना समाजवादी पक्ष तरी काय वेगळा होता? निग्रोंना देण्यासारखं आमच्याकडे खास काही नाही, असं त्या पक्षाचे नेते डेब्ज यांनी १९०३ मध्येच लिहिलं होतं.

कसदार :
दत्ता, विसर्जनाचं सगळं खापर मॉस्कोवर फोडू नका. मोठा घाव १९३३च्या शेती कायद्याने घातला. कापसाचं क्षेत्र कमी करण्यासाठी सरकार पैसे देऊ लागलं. पुढच्या दोन वर्षांच्या करारात पौंडामागच्या साडेचार सेंटांपैकी ४ सेंट जमीनदाराला आणि वाटेकऱ्याला अर्धा सेंट. मग जमीनदार वाटेकऱ्याला कशाला ठेवेल? माणसं हाकलली गेली, उरली ती रोजंदारीवर आली. वाटेकरी हिशेबासाठी भांडतो, मजूर रोजासाठी, त्यामुळे जुनी मांडणी तशीही अपुरी पडली होती. पक्षाची खरी चूक पुढची. युनियन मोडून कसणारे शेतकरी संघटनेत आणि मजूर कामगार संघटनेत, अशी वाटणी केली. पण युनियन करण्याचा हक्क देणाऱ्या १९३५च्या कामगार कायद्याने शेतमजुरांना वगळलं होतं. म्हणजे मजूर ज्या छत्राखाली पाठवले, त्याला कायद्याचा आधारच नव्हता.

मृण्मयी :
जूरीचा मुद्दा अर्धवट राहिला. १९३१च्या अलाबामातल्या स्कॉट्सबरो खटल्यात बलात्काराचा खोटा आरोप झालेली १३ ते १९ वयाची ९ काळी मुलं होती. अटकेपासून साधारण दोन आठवड्यांत ८ जणांना मृत्युदंडाची शिक्षा झाली. कम्युनिस्टांशी जोडलेल्या वकील संघटनेने अपिलं लढवली. सर्वोच्च न्यायालयाचा १९३२ चा निकाल आरोपीला खराखुरा वकील मिळण्याबद्दल, १९३५ चा काळ्यांना जूरीतून वगळण्याविरुद्ध. दोन्ही निकाल त्या ९ जणांपलीकडे कामी आले. आणि दत्ता, डेब्जनंतर समाजवादी तिथेच थांबले नाहीत. १९३४ मध्ये आर्कान्सामधल्या टायरोन्झात समाजवाद्यांच्या पाठबळावर काळी आणि गोरी कुळं एकाच युनियनमध्ये आली.

दत्ता_क :
निकाल मान्य. पण १९४१ कडे बघा. काळ्या कामगारांचे पुढारी रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्च्याचा इशारा दिला, तेव्हा २५ जूनला युद्धकारखान्यांतल्या भेदभावाविरुद्ध रूझवेल्टचा आदेश निघाला. त्याच्या ३ दिवस आधी हिटलर रशियात घुसला होता. त्यानंतर रशियाला वाचवायचं म्हणून कम्युनिस्ट पक्षासाठी युद्धउत्पादन पहिलं आणि काळ्या कामगाराची तक्रार दुसरी झाली.

मृण्मयी :
रँडॉल्फही समाजवादीच होते. पुलमन पोर्टरांची, म्हणजे रेल्वेच्या शयनयान डब्यांतल्या काळ्या सेवकांची, युनियन त्यांनी १९२५ पासून बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीकडून करार मिळवला. मोर्च्याच्या धमकीला वजन आलं ते त्या १२ वर्षांच्या बांधणीमुळे. तुमचा आक्षेप एका पक्षाच्या शिस्तीवर आहे, तो समाजवादावर लादू नका.