वर्डमध्ये आकड्यांच्या रकान्याखाली बेरजेच्या रेघा नीट येत नाहीयेत, कोणी सांगेल का

खजिनदार_नाइलाजाने
नमस्कार मंडळी, पाथर्डी फाट्याला आमची १८ फ्लॅटची सोसायटी आहे आणि यंदा खजिनदारकी माझ्या गळ्यात पडलीय. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायचीय म्हणून जमाखर्च पत्रक वर्डमध्ये टाइप करतोय, मजकूर मराठी, आकडे इंग्रजी, दोन रकाने, मागचं वर्ष आणि यंदाचं. स्पेसबार दाबून दाबून आकडे एकाखाली एक आणले आणि बेरजेच्या वरच्या आकड्याला अंडरलाइन दिली, तर तो आकडा ४,५०० म्हणून रेघ तेवढीच बुटकी, आणि खाली बेरीज १,८६,२४०. घरी कसंबसं जमवलं, मग शालिमारला पेनड्राइव्ह घेऊन प्रिंट काढायला गेलो तर तिथल्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्टच नाही, सगळे आकडे झिंगल्यासारखे इकडे तिकडे. आणि शेवटच्या बेरजेखाली दुहेरी रेघ लागते ती कशी द्यायची?

डीटीपीवाली_ताई
दादा, आधी स्पेसबारवरचं बोट काढा 😄 स्पेसची रुंदी प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळी, फॉन्ट बदलला की सगळं हललंच म्हणून समजा. टेबल घ्या, बॉर्डर सगळ्या काढून टाका. मग आकड्यांचा रकाना सिलेक्ट करा, अलाइनमेंट लेफ्टच ठेवा (हो, लेफ्टच), आणि रूलरच्या डाव्या टोकाला जो टॅबचा छोटा चौकोन असतो त्यावर डेसिमल टॅब येईपर्यंत क्लिक करा आणि मग रूलरवर हवा तिथे ठेवा. टेबलात टॅबचं बटण दाबावंच लागत नाही, आकडे आपोआप सरकतात, दशांशाखाली दशांश. राइट अलाइन केलं तरी चालतं, पण तुमच्याकडे तुटीचा आकडा कंसात असेल, (३,२००) असा, तर कंसामुळे तो एक घर डावीकडे सरकतो. डेसिमल टॅबला कंस बाहेर राहतो आणि शून्याखाली शून्य येतं.

निवृत्त_कॅशियर
ताईंनी आकड्यांचं सांगितलं, मी रेघांचं सांगतो, ३४ वर्षं हेच केलंय. बेरजेच्या वर एक रेघ म्हणजे वरचं सगळं इथे मिळवलं, आणि खाली दुहेरी म्हणजे हिशोब इथे बंद, आता खाली काही मिळवायचं नाही. आम्ही लेजरला पट्टी धरून ओढायचो आणि रेघ रकान्याच्या रुंदीची असायची, आकड्याच्या नव्हे. अंडरलाइन ही अक्षराची असते, म्हणून ती अक्षराएवढीच येणार. कंट्रोल, शिफ्ट, डी दाबलं की दुहेरी अंडरलाइन मिळते पण तीही तशीच बुटकी. तेव्हा बेरजेच्या सेलला बॉर्डर द्या, वर एकेरी, खाली दुहेरी.

आता त्यात एक गोम आहे. दोन रकाने शेजारी असले की सेलच्या बॉर्डर एकमेकींना चिकटतात आणि एक लांबलचक रेघ दिसते. त्यासाठी बॉर्डर अँड शेडिंगमध्ये खाली 'अप्लाय टू' असतं तिथे सेलऐवजी पॅराग्राफ निवडा. मग रेघ सेलच्या मार्जिनच्या आतच थांबते, मध्ये फट राहते. रेघ आकड्याला घासत असेल तर तिथेच ऑप्शन्समध्ये मजकुरापासूनचं अंतर एखाद दोन पॉइंट वाढवा.

पंचवटीकर
मी आपला मध्ये एक बारीक रिकामा रकाना टाकतो न् मोकळा होतो, कोण एवढं बघत बसतंय

निवृत्त_कॅशियर
तेही चालतं हो. पण ऑडिटर बघतो.

खजिनदार_नाइलाजाने
काका, ताई, जमलं! रेघा अगदी छापील पत्रकासारख्या आल्या, मध्ये फट पण आहे. पण आता नवीनच भानगड, बेरीज हाताने कशाला म्हणून लेआउटमधून फॉर्म्युला टाकला, सम अबव्ह, तर यंदाच्या रकान्यात बरोब्बर २,०२५ रुपये जास्त येतायत आणि मागच्या वर्षीच्यात २,०२४ जास्त. कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. हे पैसे दिले कोणी??

डीटीपीवाली_ताई
दादा, रकान्याच्या डोक्यावर नुसतं 2024 न् 2025 लिहिलंय ना? वर्डने वर्षपण बेरजेत घेतलं 😂 अबव्ह काढा आणि कंसात पहिल्या आणि शेवटच्या आकड्याच्या सेलचं नाव द्या, म्हणजे दुसऱ्या ओळीपासून चौदाव्यापर्यंत असेल तर सी दोन, कोलन, सी चौदा, एक्सेलसारखंच. आणि वरचा एखादा आकडा नंतर बदललात तर बेरीज आपणहून बदलत नाही हां, तिच्यावर क्लिक करून एफ नाइन दाबावं लागतं. प्रिंटला जाताना पीडीएफ करून न्या.

खजिनदार_नाइलाजाने
जुळलं. पीडीएफच नेतो. आता सेक्रेटरी म्हणतायत पत्रक एका पानात बसवा 🙏