वहिनीला सातवा लागलाय, डॉक्टरांनी लस सांगितली पण आई नको म्हणतेय

रानजाई:
वहिनीला डॉक्टरांनी फ्लूची लस आणि टीडॅप लिहून दिलंय. आईचं म्हणणं, आमच्या वेळी धनुर्वाताची दोन इंजेक्शनं झाली की झालं, ही नवीन फॅडं कशाला, आणि एवढी गरजेची असती तर सरकारने फुकट नसती का दिली. दादा आईपुढे गप्प, वहिनी तर बोलणारच नाही. कुणी घेतलीये का?

मीठभाकर:
मी घेतली दोन्ही. दंड दुखला, रात्री जरा कणकण आली, बस. सरकारी यादीत टीडी आहे म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प, टीडॅपमध्ये वरून डांग्या खोकला येतो. बाळाला स्वतःची पहिली पेंटा, म्हणजे डांग्या खोकल्यासकट पाच आजारांची लस, दीड महिन्याला मिळते, तोवर आईकडून आलं तेवढंच, म्हणून 27 ते 36 आठवड्यांत घ्यायला सांगतात. फ्लूचं इंजेक्शन मेलेल्या विषाणूचं असतं. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), कांजण्या या जिवंत लशी, त्या गरोदरपणात देत नाहीत, लोक सगळ्याची मिसळ करतात.

उपकेंद्रवाली:
मी नर्स आहे, बीडकडची. ताई, आमच्याकडे फुकटचं टीडीसुद्धा राहून जातं हो. दिवाळीच्या आसपास टोळी निघाली की बाई ऊसतोडीला, तिकडे कोपीवर, म्हणजे झोपडीवर, तिला विचारणार कोण, आणि लसीसाठी खाडा केला की मुकादम पैसे कापणार. कार्ड राहतं गावाकडे पेटीत. बाळंतपणाला माहेरी आली की तिथली आशा विचारते पहिला डोस कधी झाला, हिला तारीख सांगता येत नाही. कार्डाचा फोटो नवऱ्याच्या नाही, तिच्या स्वतःच्या मोबाईलमध्ये ठेवा, असला तर.

चहाटळ:
आईला एकटीला दोष देऊ नका. कोविडची लस जानेवारी 2021 ला सुरू झाली, गरोदर बायकांना परवानगी मिळाली जुलैत. तोवर नको नको ऐकलेलं, मग एकदम घ्या म्हटल्यावर कोण लगेच दंड पुढे करेल? आणि खासगी दवाखान्यात या दोन लशींचे पैसे खिशातून जातात, तेही बोला की घरात, बऱ्याचदा खरी अडचण तीच असते आणि नाव भीतीचं.

रानजाई:
पैशाचं बरोबर आहे, दादा त्यावरच गप्प असेल. पुढच्या चेकअपला आईलाच घेऊन जाते, डॉक्टरांचं ऐकेल ती. वहिनीचं एकच टीडी झालंय, मग तिन्ही घ्यायची का?

मीठभाकर:
दुसऱ्या टीडीच्या जागी टीडॅप चालतं, कार्ड दाखवून विचारा. आणि आधी फोन करून जा, काही दवाखान्यांत लस ठेवलेली नसते, मागवावी लागते.