जपानी ठसाचित्रांतल्या वस्तू : शोभा की जाहिरात?

प्रश्न (निपाणी) :
नमस्कार. आमच्या वाचनालयात जुन्या विडी-तंबाखूच्या लेबलांचे छोटे प्रदर्शन भरवायचे ठरले असून, त्यांच्याशेजारी एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) जपानी लाकडी ठशांच्या चित्रांच्या काही प्रती लावाव्यात, असे माझ्या मनात आहे. या चित्रांत आरसा, पंखा, चहाचा पेला, पावडरची पुडी अशा वस्तू वारंवार दिसतात. त्या निव्वळ शोभेसाठी काढल्या जात की त्यामागे विक्रीचा हेतू असे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (शहापूर, बेळगाव) :
विक्रीचा हेतू अनेकदा उघडच असे. केइसाई एइसेनच्या कितीतरी चित्रांत ‘बिएन सेन्जोको’ या चेहऱ्याच्या पांढऱ्या पावडरची पुडी दिसते आणि तिच्यावरचे नाव वाचता येईल अशा बेताने ती ठेवलेली असते. ही पावडर एदो शहराच्या (आजचे टोक्यो) क्योबाशी भागात मिळत असे. याच चित्रकाराच्या स्त्रियांचा खालचा ओठ पुष्कळदा हिरवा असतो, तो छपाईचा दोष समजू नये. करडईच्या फुलांपासून काढलेला लाल रंग थरावर थर चढवला की त्यावर हिरवी झाक येते. हा रंग अतिशय महाग असल्यामुळे, ज्यांना तो परवडत नसे त्या स्त्रिया आधी ओठाला शाई लावून तिच्यावर थोडासाच रंग फिरवीत. आपल्या भागात करडईचे पीक सर्वांच्या माहितीचे आहे, तेव्हा असे एक चित्र अवश्य लावावे.

उत्तर (चिकोडी) :
शहापूरच्या ताईंचे म्हणणे पटते, तरी प्रत्येक वस्तूला जाहिरात म्हणणे मला योग्य वाटत नाही. सुझुकी हारुनोबूने १७६६ च्या सुमारास घरातल्या वस्तूंवर आठ चित्रांची मालिका केली, तिच्यात जुन्या चिनी निसर्गदृश्यांच्या जागी घरगुती वस्तू आल्या आहेत : देवळातल्या सांजघंटेऐवजी ठोक्यांचे घड्याळ, शरदाच्या चंद्राऐवजी आरसा, रात्रीच्या पावसाऐवजी उकळत्या किटलीचा आवाज. इथे कोणाचेही दुकान नाही. पाहणाऱ्याला मूळ काव्यविषय ओळखण्याचा आनंद मिळावा, एवढाच हेतू आहे, आणि मला तरी ही मालिका पावडरच्या पुडीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

उत्तर (खानापूर) :
दुकानच हवे असेल, तर चित्रकार होकुसाईचे, एदोतल्या सुरुगाचो येथील मित्सुई घराण्याच्या ‘एचिगोया’ या कापड दुकानाचे चित्र घ्यावे. १६७३ मध्ये सुरू झालेल्या या दुकानाने रोखीने आणि एकाच भावाने विक्री करण्याची पद्धत रूढ केली, आणि चित्रातल्या पाट्यांवरही तेच लिहिलेले आहे. शिवाय ही चित्रे स्वतःच स्वस्तात विकला जाणारा माल होती. काही चित्रे तर पंख्याच्या आकारात छापली जात. ती कापून बांबूच्या सांगाड्यावर चिकटवीत आणि उन्हाळा सरला की टाकून देत, त्यामुळे ती आज फार थोडी उरली आहेत. विडीचे लेबलही कोणी जपून ठेवण्यासाठी छापत नाही, म्हणून लेबलांच्या लगत हे पंखेच लावावेत, हारुनोबूची मालिका मात्र वेगळ्या भिंतीवर असावी.