मदत हवी आहे: कोल्ड रूममधला ड्रम उघडला की माल दमट होतोय

नमस्कार मंडळी. तारापूर एमआयडीसीत एका छोट्या युनिटचं स्टोअर सांभाळतो. ईडीसी हायड्रोक्लोराईड (पेप्टाइड जोडायला लागतं ते रसायन) २५ किलोच्या फायबर ड्रममध्ये रीफर (थंड ठेवणाऱ्या) गाडीने येतं, आम्ही २ ते ८ अंशांत ठेवतो. पाणी लागलं की त्याचा युरिया (खत नव्हे, त्या जातीचं निकामी संयुग) होतो, मग माल गेलाच.

परवा एक ड्रम उघडला तर आतल्या पिशवीवर दव, आणि वरच्या थराचे बोटाने न फुटणारे खडे. कार्ल फिशरला (ओलावा मोजायची चाचणी) वरचा नमुना फेल, तळाचा पास! वाटेतलं तापमान नोंदवणाऱ्या डेटा लॉगरवर मात्र रेषा सरळ. म्हणजे गाडीवाल्याला बोल लावून उपयोग नाही, गार ड्रम उघडायची घाई आमचीच. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २७ च्या आसपास येतो. ५ अंशांचा ड्रम म्हणजे गार पाण्याचा तांब्याच.

आता ड्रम न उघडता एसी खोलीत रात्रभर ठेवतो. पण पावडर सावकाश तापते. बाहेरून ठीक लागला तरी गाभा गारच. २४ तास पुरतात का? तुम्ही कसं ठरवता?

उरलेला माल नायट्रोजन मारून परत बांधतो. सिलिका जेलची पुडी मात्र तीच जुनी (चुकतंय, कळतं). त्यापेक्षा ॲल्युमिनियम लॅमिनेटच्या ५ किलोच्या पिशव्याच मागवाव्यात म्हणतोय, एक फोडली की एका बॅचला संपली. कोणी वापरल्यात का? वाहतुकीत सील टिकतं का?