मदत हवी आहे: बॉडी कॅमेऱ्यातली अहिराणी एआयकडून कशी उतरवून घ्यायची?

नमस्कार मंडळी. मी धुळ्यात एका वकीलसाहेबांकडे ज्युनिअर आहे. साक्रीकडच्या एका टेम्पोवाल्याची नाकाबंदीत पोलिसांशी बाचाबाची झाली, सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागला. बॉडी कॅमेऱ्याचं फुटेज हाती आलंय, पावणेदोन तासांचं. साहेब म्हणाले, "तुम्ही मुलं एआय एआय करता ना, मग दे लिहून काढून."

फुटेज कुठल्या वेबसाइटवर चढवायचं नाही ही अट, म्हणून लॅपटॉपवरच व्हिस्पर (बोलणं ऐकून लिहून देणारं एआय) टाकलं, भाषा मराठी. पोलिसांचं बोलणं बरं उतरलं. आमचा माणूस मात्र घाबरून अहिराणीवर आलेला. १८व्या मिनिटाला तो म्हणतो, "माले जाऊ द्या", म्हणजे मला जाऊ द्या. मशीनने लिहिलं, "माल जाऊ द्या." टेम्पोवाला आणि "माल जाऊ द्या"! सरकारी वकिलांना आयतंच मिळालं असतं. पुढे "मना काय गुन्हा शे?" (माझा काय गुन्हा आहे?) याचं झालं, "मनाई, गुन्हा आहे." मी मूळची नगरची, पक्षकाराला ऐकवलं तेव्हा कुठे उलगडा झाला. आणि जिथे नुसतं इंजिन घरघरतंय तिथे चार वेळा "धन्यवाद". कोण कोणाला?

अहिराणीसाठी काही वेगळं मॉडेल आहे का? शब्दांची यादी आधी दिली तर फरक पडतो का? अमेरिकेत ॲक्सॉन या बॉडी कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीचं ड्राफ्ट वन २०२४ पासून कॅमेऱ्याच्या आवाजावरून पोलिसांच्या रिपोर्टचा मसुदाच लिहून देतं. तसलं काही इकडे आलं तर, या विचाराने मला धडकीच भरली.

प्रतिसाद:
ताई, व्हिस्परच्या भाषांमध्ये मराठी आहे, अहिराणी नाही. मग ते जवळचा मराठी शब्द ओढून आणतं. यादी देऊन बघा, थोडं सुधारेल, पण भरवसा नको. ते आवाजाचे ३०-३० सेकंदांचे तुकडे करतं आणि रिकाम्या तुकड्यात मनचं भरतं; बोलणं नसलेले भाग आधी गाळा, "धन्यवाद" बरेच कमी होतील. मात्र हे सगळं कॉपीवर. मूळ फाइलला हात न लावता तिचा हॅश (फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकडे-अक्षरांचा ठसा) काढून ठेवा, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो. मशीनकडून फक्त कोणत्या मिनिटाला बोलणं आहे तेवढं घ्या. शब्द अहिराणीवाल्याच्या कानानेच लिहा.

धागाकर्ती:
आमचे टायपिस्ट काका धुळे तालुक्यातल्या कापडण्याचेच आहेत, अहिराणीवाले, शेजारच्या टेबलावर बसतात. उद्या हेडफोन त्यांच्या कानाला.