मदत हवी आहे: टेरी निकोल्सच्या गुन्ह्यासाठी मराठी शब्द

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटी बाँबस्फोटातला (१९ एप्रिल १९९५, १६८ मृत्यू) टिमथी मॅकव्हेचा साथीदार टेरी निकोल्स याच्यावर लेख लिहिते आहे. मिशिगनमधलं शेतकरी घर, १९८८ची लष्करभरती, तिथे मॅकव्हेशी ओळख, इथवर जमलं. अडलंय निकालापाशी. १९९७मध्ये फेडरल (केंद्रीय) कोर्टातल्या ज्युरीने त्याला कटासाठी आणि आठ जणांच्या 'इन्व्हॉलंटरी मॅनस्लॉटर'साठी (मारण्याचा हेतू नसताना घडवलेला मृत्यू) दोषी ठरवलं, खुनासाठी नाही. खुनाचे १६१ आरोप २००४मध्ये ओक्लाहोमा राज्याच्या वेगळ्या खटल्यात सिद्ध झाले, त्यामुळे हा फरक पुसून चालणार नाही. 'सदोष मनुष्यवध' म्हटलं की हेतू किंवा जाणीव गृहीत धरली जाते, 'निष्काळजीपणामुळे मृत्यू' म्हटलं की रस्त्यावरचा अपघात वाटतो. वाचक वकील नाहीत, तळटीपेला जागा नाही. कोर्टाच्या बातम्या किंवा भाषांतरं करणाऱ्यांनो, तुम्ही इथे कोणता शब्द वापराल?